सूर बदलला हे खरे, पण फसवणूक कोणी केली?

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. मी डोंबिवलीत राहते, चाळिशी ओलांडली आहे. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असताना एका मैत्रिणीने मला कोल्डप्ले या इंग्रजी बँडची सीडी ऐकायला दिली आणि त्यानंतरची काही वर्षे ‘पॅराशूट्स’ आणि ‘अ रश ऑफ ब्लड टू द हेड’ या दोन अल्बमांच्या सोबतीने गेली. पुढे नोकरी-संसारात नवीन अल्बम कानावरून गेले, पण मनात बसले नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर त्यांचा कार्यक्रम झाला, तेव्हा मी भावाच्या सोळा वर्षांच्या मुलीला घेऊन गेले. तिला हा बँड बीटीएस या कोरियन गायकगटामुळे ठाऊक. ती बेभान होऊन नाचत होती आणि मला मात्र जत्रेत वाट चुकल्यासारखे वाटत होते. परतीच्या लोकलमध्ये मी तिला म्हणाले, “हा बँड आता बाजारू झाला आणि तो तुझ्यासारख्यांमुळेच झाला.” तेव्हापासून ती माझ्याशी गाण्यांबद्दल बोलत नाही. माझी निराशा चुकीची आहे का? तिच्याशी कसे बोलू? आणि ज्यांच्यावर इतके प्रेम केले, त्यांचे नवे संगीत निष्ठा म्हणून ऐकत राहावे की सोडून द्यावे?

— एक जुनी श्रोती

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत आणि त्या वेगळ्या केल्याखेरीज आपल्या तिन्ही प्रश्नांना हात घालता येणार नाही. एक आहे आपली निराशा, म्हणजे जो आवाज आवडत होता तो आता ऐकू येत नाही ही जाणीव. दुसरा आहे आरोप, म्हणजे कुणीतरी पैशासाठी किंवा गर्दीसाठी तो आवाज विकून टाकला, हा निष्कर्ष. निराशा पूर्णपणे आपली आहे, तिला कुणाच्याही परवानगीची गरज नाही. आरोप मात्र पुराव्यावर टिकावा लागतो, आणि भाची दुखावली गेली ती आपल्या निराशेने नव्हे, तर या आरोपाने.

आधी निराशेबद्दल. २००० साली आलेला ‘पॅराशूट्स’ आणि २००२ चा ‘अ रश ऑफ ब्लड टू द हेड’ हे दोन्ही अल्बम केन नेल्सन या संगीतनिर्मात्यासोबत तयार झाले आणि त्यांचे बरेचसे ध्वनिमुद्रण लिव्हरपूलच्या पार स्ट्रीट स्टुडिओत झाले. ते ऐकताना खोली लहान असल्याचे जाणवते: गिटारच्या तारेवरून बोट सरकल्याचा आवाज येतो, बँडचा गायक क्रिस मार्टिन याचा गळा वरच्या पट्टीत जाताना किंचित चिरकतो आणि तो तसाच ठेवला जातो, दोन ओळींच्या मध्ये वाद्ये थांबतात आणि त्या थांबण्याला अर्थ असतो. हेडफोन लावून, गर्दीच्या डब्यात दाराशी उभ्या असलेल्या एकट्या माणसासाठी हे संगीत फार सोयीचे होते, कारण ते एका वेळी एकाच माणसाशी बोलत असे. ‘म्युझिक ऑफ द स्फिअर्स’ (२०२१) किंवा ‘मून म्युझिक’ (२०२४) हे अल्बम तसे बोलत नाहीत. त्यांत ठेका आधी येतो, आवाजाला चकाकी दिलेली असते, आणि कडव्यांपेक्षा धृपद मोठे असते, कारण ते हजारो लोकांनी मिळून म्हणायचे आहे. हा फरक आपल्या कानांचा भ्रम नाही. तो आहे, आणि ज्याला पहिले आवडत होते त्याला दुसरे आवडलेच पाहिजे असा कुठलाही नियम नाही. आपण म्हाताऱ्या झालात, आता नवे काही पचत नाही, असे कुणी सुचवत असेल तर ते मनावर घेऊ नये. सोळाव्या वर्षीही माणसाला एखादा अल्बम न आवडण्याचा अधिकार असतोच.

कार्यक्रमाच्या रात्रीबद्दल मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या दौऱ्यात बँड ‘यलो’, ‘द सायंटिस्ट’ आणि ‘क्लॉक्स’ ही गाणी वाजवत होता, म्हणजे आपल्या दोन्ही लाडक्या अल्बमांतली गाणी त्या मैदानावरही होती. तरीही आपल्याला परके वाटले, याचे कारण बरेचसे जागेत आहे. ध्वनीला १०० मीटर अंतर कापायला साधारण ०.३ सेकंद लागतात. स्टेडियममध्ये पुढच्या माणसाला ऐकू आलेला ठोका मागच्या माणसाला उशिरा पोहोचतो, शिवाय समोरच्या कठड्यांवरून त्याचा प्रतिध्वनी परत येतो. हा उशीर आटोक्यात ठेवण्यासाठी मैदानात मध्ये मध्ये वेगळे ध्वनिक्षेपक उभारतात, पण बारीक नक्षी तरीही पुसट होतेच. अशा ठिकाणी लांब खेचलेले स्वर, रुंद पसरणारा वाद्यमेळ, सरळ ठेका आणि शब्दांविना म्हणता येणारे ‘ओ-ओ’ एवढेच शेवटच्या रांगेपर्यंत धड पोहोचते. जो बँड वर्षानुवर्षे स्टेडियममध्ये वाजवतो, तो हळूहळू स्टेडियमला पोहोचतील अशी गाणी रचू लागतो, आणि यात कपट शोधण्याचे कारण मला दिसत नाही. चाळीस-पन्नास हजार माणसांच्या मनगटांवरचे दिव्यांचे पट्टे एकाच वेळी पिवळे होतात, तेव्हा ‘यलो’ हे खोलीतले गाणे राहतच नाही, मग ते वाजवणारे तेच चौघे असले तरी.

आणि ते तेच चौघे आहेत. क्रिस मार्टिन, जॉनी बकलंड, गाय बेरीमन आणि विल चँपियन लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये भेटले आणि पहिल्या अल्बमपासून आजपर्यंत बँडमधला एकही माणूस बदललेला नाही. कित्येक बँडच्या बाबतीत “तो गायक गेला आणि मजा गेली” असे म्हणून मोकळे होता येते. इथे ती सोय नाही. त्यामुळेच बहुधा श्रोत्याला हा बदल विश्वासघातासारखा लागतो: माणसे तीच, आवाज तोच, मग गाणे का वेगळे?

आता आरोपाकडे येऊ. बदल नेमका कधी झाला, हे तारखा लावून पाहिले तर आपला आरोप फारसा उभा राहत नाही. ‘क्लॉक्स’ आपल्याला पाठ असेल. त्यातल्या पियानोच्या ओळीत तीन उतरते स्वर येतात, पुन्हा तेच तीन, मग त्यांतले पहिले दोन, आणि हे आठांचे आवर्तन जवळपास गाणेभर फिरत राहते, खाली ड्रम जोरात असतात. सतत फिरणारा एक छोटा तुकडा, त्यावर तरंगणारा गळा आणि पायाला पकडणारा ठेका ही पुढच्या सगळ्या ‘मोठ्या’ गाण्यांची घडण आपल्या आवडत्या २००२ च्या अल्बममध्येच तयार झालेली आहे. २०१४ चे ‘अ स्काय फुल ऑफ स्टार्स’ स्वीडिश डीजे अविचीसोबत केलेले आहे म्हणून नाके मुरडली जातात, पण त्याचा पियानो ‘क्लॉक्स’च्या घरातलाच आहे, बदलला आहे तो खालचा ठेका. २००५ च्या ‘एक्स अँड वाय’मधले ‘फिक्स यू’ घ्या: ऑर्गनवर कुजबुजत सुरू होणारे, मध्यावर गिटार उसळून सगळ्यांनी मिळून गाण्याचे गाणे. ते मैदानासाठीच घडलेले वाटते. मग २००८ मध्ये ‘विवा ला विदा’ आले. ब्रायन ईनोसारखा प्रयोगशील संगीतकार निर्मात्यांपैकी एक होता आणि, मार्टिनने स्वतः सांगितल्याप्रमाणे, त्याने या मंडळींना तुमची गाणी फार लांब आहेत, तुम्ही त्याच त्या युक्त्या पुन्हा पुन्हा वापरता, असे स्पष्ट सुनावले होते. त्या अल्बमच्या शीर्षकगीतात व्हायोलिनांचा ताफा पुढे आहे, घंटा आहे, गिटार मागे सरकली आहे; आणि हेच गाणे ब्रिटन व अमेरिका या दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर गेले.

या वर्षाकडे जरा लक्ष द्यावे. आपली भाची जानेवारी २०२५ मध्ये सोळा वर्षांची होती, म्हणजे जेव्हा या बँडने गिटार मागे ठेवली तेव्हा ती नुकती जन्मली असेल किंवा जन्मलीही नसेल. बीटीएससोबतचे ‘माय युनिव्हर्स’ २०२१ चे. त्याच्या कितीतरी आधी, २०११ च्या ‘मायलो झायलोटो’मध्ये रिहाना येऊन गेली होती आणि २०१५ च्या ‘अ हेड फुल ऑफ ड्रीम्स’साठी स्टारगेट ही नॉर्वेची निर्मात्यांची जोडी आली होती. “तुझ्यासारख्यांमुळे” हे वाक्य म्हणूनच अन्यायाचे आहे. ज्या व्यवहारात ती नव्हतीच, त्याचे बिल आपण तिच्या नावावर फाडले.

पैशाचे म्हणाल, तर तो आपल्या काळातही होता. २००५ च्या फेब्रुवारीत ईएमआय या त्यांच्या ध्वनिमुद्रण कंपनीने नफा अपेक्षेपेक्षा कमी होईल असा इशारा भागधारकांना दिला, आणि त्याच्या कारणांत ‘एक्स अँड वाय’ला होणारा उशीर हे एक कारण होते. एका अल्बमच्या तारखेवर जागतिक कंपनीचा ताळेबंद हलत होता. आपण सीडी मैत्रिणीकडून घेऊन ऐकत होतात म्हणून तो बाजार आपल्याला दिसला नाही, इतकेच.

दुसरी गंमत अशी की, ज्या हळव्या, शांत आवाजासाठी आपण हळहळता, त्याची त्या वेळी यथेच्छ टवाळी झाली होती. क्रिएशन रेकॉर्ड्स या ब्रिटिश ध्वनिमुद्रण कंपनीचा संस्थापक ॲलन मॅगी याने हे अंथरूण ओले करणाऱ्यांचे संगीत आहे, अशा अर्थाचा शेरा मारला होता आणि तो शेरा बँडला कित्येक वर्षे चिकटून राहिला. अनेक समीक्षकांना तो आवाज रेडिओहेड हा इंग्रजी बँड आणि जेफ बकली हा अमेरिकी गायक यांची सौम्य नक्कल वाटे. आणि रेडिओहेडनेच ऑक्टोबर २००० मध्ये ‘किड ए’ काढून गिटारी बऱ्याच अंशी बाजूला सारल्या, इलेक्ट्रॉनिक आवाजांकडे मोहरा वळवला, तेव्हा त्यांचे जुने श्रोते आज आपण आहात तसेच खट्टू झाले होते. माझा असा कयास आहे की, त्या नाराज मंडळींपैकी बरेच जण त्याच सुमारास आलेल्या ‘पॅराशूट्स’कडे वळले असावेत. म्हणजे आपल्या लाडक्या बँडच्या पहिल्या श्रोत्यांत दुसऱ्या कुणाच्या तरी बदललेल्या सुरावर रुसून आलेले लोक होते.

एवढे सगळे म्हटल्यावर मी या बँडची वकिली करतो आहे असा समज होऊ नये. बदल प्रामाणिक असणे आणि बदल चांगला असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. ‘म्युझिक ऑफ द स्फिअर्स’ मला स्वतःला पातळ वाटतो. ब्रिटनी स्पीअर्स आणि बॅकस्ट्रीट बॉइज यांची गाणी घडवणाऱ्या मॅक्स मार्टिनला निर्माता म्हणून घेतले, हा निर्णय रेडिओवर वाजण्यासाठी होता हे उघड आहे. काही गाण्यांना शब्दांऐवजी चिन्हांची शीर्षके देण्याचा प्रकार तर मला पोरकट वाटला. ‘हिम फॉर द वीकेंड’ या गाण्याच्या चित्रफितीत वरळी गाव आणि वसईचा किल्ला दिसतो म्हणून आपल्याकडे कौतुक झाले, पण साधू, रंग, मोर आणि गल्लीतली मुले यांची ती आरास पाहून, इथे राहणाऱ्या माणसाला आपण कुणाच्या तरी पर्यटनाच्या अल्बममध्ये बसलो आहोत असे वाटले, तर त्यात नवल नाही. ही टीका आपण अवश्य करावी, भाचीसमोरही करावी. फक्त ती गाण्यावर करावी, ते आवडणाऱ्या माणसावर करू नये. “हे धृपद मला फार सोपे वाटते” या वाक्यावर समोरची व्यक्ती वाद घालू शकते. “तुझ्यासारख्यांमुळे” या वाक्यावर ती फक्त गप्प बसू शकते, आणि ती तशीच बसली आहे.

आपल्या पत्रावरून असे दिसते की, २००५ नंतरचे अल्बम आपण सलग बसून ऐकलेले नाहीत. ते कानावरून गेले, असे आपणच लिहिता. त्यामुळे गिटारपासून झगमगाटापर्यंत एकच सरळ उतरण आहे असे चित्र आपल्या मनात तयार झाले आहे. वस्तुस्थिती अधिक वाकडीतिकडी आहे. २०१४ चा ‘घोस्ट स्टोरीज’ बराचसा मंद आणि एकाकी आहे. २०१९ चा ‘एव्हरीडे लाइफ’ तर मी आपल्याला मुद्दाम सुचवेन. सूर्योदय आणि सूर्यास्त अशा दोन भागांत मांडलेला हा अल्बम त्यांनी जॉर्डनमधल्या अम्मान शहराच्या प्राचीन गडावर, पहाटे आणि संध्याकाळी वाजवून प्रकाशित केला. त्यात चर्चमधल्यासारखे समूहगान आहे, घरगुती ध्वनिमुद्रणासारखे वाटणारे तुकडे आहेत, आणि ‘अराबेस्क’ या गाण्यात नायजेरियाच्या फेमी कुटीचे सॅक्सोफोन आहे. दौऱ्यांनी पर्यावरणाची होणारी हानी लक्षात घेऊन त्यांनी या अल्बमसाठी जगभर दौरा केला नाही, आणि कदाचित म्हणूनच स्टेडियमचे ओझे त्यावर नाही. आणखी एक: ज्या ‘म्युझिक ऑफ द स्फिअर्स’ला मी नुकतीच नावे ठेवली, त्याच्याच शेवटी ‘कोलोराटुरा’ नावाचे दहा मिनिटांहून मोठे गाणे आहे. रेडिओवर ते वाजण्याची शक्यता नाही. पियानो, लांबलचक गिटार आणि घाई नसलेली चाल ऐकून आपल्याला ही माणसे ओळखू येतील असे मला वाटते. हे ऐकूनही मत बदलले नाही तर उत्तमच. निदान ते पूर्ण ऐकून झालेले मत असेल.

भाचीशी बोलण्याबद्दल. पहिली गोष्ट म्हणजे तिला शिकवायला जाऊ नये. ‘खरे’ कोल्डप्ले काय होते हे समजावण्यासाठी जुन्या गाण्यांची यादी तिच्या मोबाइलवर पाठवणे हा माफीचा मार्ग नव्हे, ती त्याच आरोपाची दुसरी आवृत्ती ठरेल. “त्या दिवशी मला माझी जुनी गाणी हवी तशी ऐकायला मिळाली नाहीत, त्याचा राग मी तुझ्यावर काढला, ते बरोबर नव्हते,” एवढे एक वाक्य पुरे आहे. त्यापुढे ‘पण’ जोडू नये. हे फोनवर लिहून पाठवण्यापेक्षा समोर बसून म्हणावे, आणि घरातले बाकीचे लोक आसपास नसताना म्हणावे, कारण सोळाव्या वर्षी मोठ्या माणसाने सगळ्यांदेखत मागितलेली माफी हीसुद्धा संकटच वाटते.

दुसरी गोष्ट, तिला एक खराखुरा प्रश्न विचारावा, ज्याचे उत्तर आपल्याला ठाऊक नाही. ‘माय युनिव्हर्स’ अर्धे इंग्रजीत आणि अर्धे कोरियनमध्ये आहे. बीटीएसमधल्या सात तरुणांचे गळे आणि क्रिस मार्टिनचा गळा एकात एक कसे गुंफले आहेत, कोणती ओळ कोण गातो, हे तिला बहुधा तोंडपाठ असेल. आपल्याला ते गाणे सपाट वाटते याचे एक कारण असे असू शकते की आपण त्यात एकच ओळखीचा गळा शोधत बसतो आणि बाकीचे सात आपल्याला वेगळे ऐकूच येत नाहीत. ती ते वेगळे करून दाखवू शकेल. मग ते गाणे आवडेलच असे नाही, पण तिने काय ऐकले आणि आपण काय ऐकले यांतले अंतर कळेल. त्यानंतर तिने आपणहून विचारले, “आत्या, तू काय ऐकायचीस?” तरच ‘पॅराशूट्स’ काढावा, आणि त्यातलेही एकच गाणे लावावे. ती म्हणाली की फार रडके आहे, तर हसावे; ॲलन मॅगी याहून वाईट बोलला होता.

राहिला निष्ठेचा प्रश्न. श्रोता बँडचे काहीही देणे लागत नाही, आणि बँडही श्रोत्याचा जन्मभराचा नोकर नाही. आपण सीडीवर जे ऐकलेत त्याचा हिशोब तेव्हाच पुरा झाला. ‘द सायंटिस्ट’ आज लावलेत तर ते २००२ साली होते तसेच वाजेल, पुढचे कुठलेही गाणे त्याला हात लावू शकत नाही. त्यामुळे जड मनाने प्रत्येक नवा अल्बम कर्तव्य म्हणून ऐकू नये, आणि चिडून जुने अल्बम कपाटाच्या तळाशी टाकण्याचेही कारण नाही. क्रिस मार्टिनने जाहीरपणे सांगितले आहे की बँड एकूण बारा अल्बम करून थांबणार आहे. ‘मून म्युझिक’ दहावा होता. म्हणजे अजून दोन येतील. अकरावा आला की एकदा, घाई नसताना, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावा. चौथ्या-पाचव्या गाण्यापर्यंत काहीच हाती लागले नाही तर खुशाल बंद करावा आणि भाचीला विचारावे की त्यातले कोणते गाणे तिला आवडले.

आपला,
सदरलेखक